ग्रहण चंद्राला, वेध सुनेला

(माकुणसार येथील वर्षावास प्रवचन)





आज आकाशाविषयी बोलणार आहे. प्रवचनाला आकाश कशाला, असे कुणाला वाटेल. शील सांगा, समाधी सांगा, प्रज्ञा सांगा, असे तुम्ही म्हणाल. पण प्रज्ञा म्हणजे काय, हे पोथीतून सांगणे वेगळे आणि घराच्या उंबरठ्यावर सांगणे वेगळे. मला ते याच माकुणसारमध्ये एका उंबरठ्यावर सांगावे लागले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. वर्षावास चालू होता आणि एका घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ठरले होते. मी सायंकाळी गेलो. भिंतीवर तथागतांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. मेणबत्ती, अगरबत्ती, फुले, सर्व व्यवस्था चोख. घरातली सगळी माणसे बसली, पण थोरली सून दिसेना. तिला सहावा महिना होता, हे मला ठाऊक होते. मी सहज विचारले, "सूनबाई कुठं आहे?" मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर दिले ते पाच-सहा वर्षांच्या पोराने, "काकीला वेध लागलेत!"

आत जाऊन पाहिले. खिडकीला गोधडी टांगलेली. उजेड नाही, वारा नाही. दुपारी एक वाजल्यापासून ती मुलगी त्या खोलीत होती. पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. सुरी हातात घ्यायची नाही, सुई घ्यायची नाही, कूस बदलायची नाही. ग्रहणाचा स्पर्श होता रात्री दहाच्या सुमारास आणि मोक्ष मध्यरात्रीनंतर दीड वाजता. म्हणजे बारा तासांची ही शिक्षा. गुन्हा कोणता? पोटात मूल आहे हा!

बाहेर त्रिशरण, पंचशील, आणि आत अंधारात कोंडलेली सून!

तिच्या सासूला मी मावशी म्हणतो. मावशी अडाणी नाही, दुष्ट तर मुळीच नाही. ती म्हणाली, "मी कुठं मानते, दादा? पण पहिलटकरीण आहे ती. उगाच कशाला परीक्षा बघायची? बाळाला काही झालं तर सारी वस्ती मलाच बोलेल." बंधूंनो, या वाक्याला हसू नका. आपल्या घराघरांत जुना धर्म याच वाक्यातून मागच्या दाराने आत येतो. मानत नाही, पण करतो. कशासाठी? तर काही होऊ नये म्हणून. दीक्षा घेऊन कुणाला दोन वर्षे झाली असतील, कुणाला वीस. देव्हारा गेला, सत्यनारायण गेला, पण हे 'काही होऊ नये म्हणून' अजून गेलेले नाही.

त्या रात्री ग्रंथवाचन मी थोडा वेळ बाजूला ठेवले. घरातला एक दिवा मागितला, एक नारळ आणि एक लिंबू मागितले. दिवा म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे आपली पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणून नारळाला लिंबू बरोबर शोभते. अंतरही त्याच मापाने धरायचे तर लिंबू नारळापासून आठ हात दूर धरावे लागेल. तेवढी जागा घरात नव्हती, म्हणून जवळच धरले. दिव्यासमोर नारळ धरला की त्याची सावली मागे पडते. लिंबू फिरत फिरत त्या सावलीत शिरले की झाले चंद्रग्रहण. नारळ आणि दिवा यांच्यामध्ये लिंबू आले आणि लिंबाची सावली नारळावर पडली की झाले सूर्यग्रहण. यात गिळणारा कोणी नाही आणि सोडवणाराही कोणी नाही.

पोराने लगेच विचारले, "मग दर पुनवेला ग्रहण का नाही?" प्रश्न बिनतोड होता. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी नेमका सावलीत सापडतो. आणि सापडला तरी तो अगदी काळा होत नाही, तांब्यासारखा लाल होतो. कारण पृथ्वीभोवती हवेचे आवरण आहे, त्यातून सूर्याचा तांबडा प्रकाश वाकून सावलीत शिरतो. त्या घटकेला पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत आहे आणि जेथे जेथे मावळत आहे, त्या सगळ्या पहाटांचा आणि सांजवेळांचा रंग चंद्रावर पडलेला असतो. याला कोणी रक्त म्हटले, कोणी अशुभ म्हटले. मला तर आकाशात याहून सुंदर काही ठाऊक नाही.

प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द ऐकला की आपले लोक घाबरतात, फार अवघड म्हणतात. अहो, हाच तो! कारण असले म्हणजे कार्य घडते, कारण सरले म्हणजे कार्य सरते. सावलीत शिरला म्हणून झाकला, सावलीतून निघाला म्हणून उजळला. मंत्राने नव्हे, स्नानाने नव्हे, दानाने नव्हे.

आता बाळाच्या ओठाचे. गर्भवतीने ग्रहणात सुरी धरली तर मूल दुभंगलेल्या ओठाचे होते, ही भीती कोळीवाड्यापासून आदिवासी पाड्यापर्यंत सर्वत्र आहे. ओठ आणि टाळू जुळून येतात ते गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. त्यात उणे राहण्याची कारणे डॉक्टर सांगतात ती अशी: घराण्यातला वारसा, आईच्या आहारात फोलिक आम्लाची उणीव, तंबाखूचा धूर, काही औषधे. त्यात चंद्र नाही, सूर्य नाही, विळी नाही. या सुनेला तर सहावा महिना, ओठ केव्हाच जुळून झालेला! उलट गर्भवती बाईला उकाड्यात बारा तास पाण्यावाचून ठेवणे, हाच तिच्या जिवाला आणि बाळाच्या जिवाला त्रास. म्हणजे ज्या उपायाने रक्षण व्हायचे, तोच उपाय घातक.

मावशीने स्वतःच्या हाताने सुनेला पाणी दिले. मग जेवण झाले. अकरा वाजता आम्ही सगळे अंगणात आलो. भाद्रपदातले आभाळ ते, कधी ढग, कधी फट. फटीतून तो लाल चंद्र दिसला. सून खुर्चीवर बसून पाहत होती. आणि मावशी एकदम म्हणाली, "माझी आजी या वेळेला टोपली घेऊन गावात जायची, दादा."

भगिनींनो आणि बंधूंनो, या वाक्यासाठी मी आज बोलायला उभा आहे.

'दे दान, सुटे गिऱ्हाण!' ही आरोळी ज्यांनी ऐकली आहे अशी माणसे आता थोडी उरली. ग्रहण लागले की पूर्वाश्रमीच्या महार-मांग वस्तीतली बायामाणसे, पोरेबाळे टोपली घेऊन गावातून ओरडत फिरायची. गावातला माणूस स्नान करून फाटके कपडे, मूठभर जोंधळे, तांदूळ, एखादे नाणे वरून टाकायचा, अंगाला स्पर्श होणार नाही असे. राहूला दान पोहोचले म्हणजे तो चंद्राला सोडतो, असे शास्त्र सांगे. आणि ते दान कुणाच्या टोपलीत टाकायचे? तर गावकुसाबाहेरच्या माणसाच्या! एरवी ज्याची सावली नको, त्याची गरज आकाशात सावली पडली की लागे. गावाच्या माथ्यावरचे अरिष्ट आपल्या टोपलीत घेऊन आपली आजी घरी येई आणि त्या जोंधळ्यांची भाकर मुलांना घाली. त्या रात्री पोट भरे, म्हणून पोरे ग्रहणाची वाट पाहत. केवढी ही विटंबना! आकाशातली एक साधी सावली, आणि तिच्यावर जातीची उतरंड बांधलेली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला आठवते. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे निक्षून सांगितले, हेही आठवले पाहिजे. हळूहळू टोपल्या खाली ठेवल्या गेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्या आरोळीचा आपला संबंध संपला. आज आपल्या दारी कोणी 'दे दान' म्हणत येत नाही आणि आपणही कुणाच्या दारी जात नाही. पण त्याच ग्रहणाचे वेध मात्र आपण आपल्या सुनेला लावतो! आजीने टोपली टाकली आणि नातवाने खिडकीला गोधडी टांगली. आजीची भूक तरी खरी होती.

कोणी म्हणेल, बावीस प्रतिज्ञांत ग्रहणाचा उल्लेख कुठे आहे? नाही, उल्लेख नाही. पण अष्टांगिक मार्गाचे पालन करीन ही प्रतिज्ञा तर आहे? त्या मार्गाचे पहिले अंग सम्यक दृष्टी. सम्यक दृष्टीसाठी कर्मकांडाच्या सामर्थ्यावरचा विश्वास टाकावा लागतो, चमत्काराची आस टाकावी लागते, मन आणि विचार मोकळे ठेवावे लागतात, असे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. यात ग्रहण आले, मांजर आडवे जाणे आले, शनीची साडेसाती आली. प्रत्येकाची वेगळी प्रतिज्ञा लिहायला कागद पुरणार नाही.

आता शास्त्रीपंडितांची एक गंमत पाहा. ग्रहण सावलीमुळे लागते, हे या देशात कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ते लिहून ठेवले: चंद्राला पृथ्वीची छाया झाकते, सूर्याला चंद्र झाकतो. पंचांग करणारा माणूस ग्रहणाची वेळ राहूला विचारून काढत नाही, गणिताने काढतो आणि मिनिटा-मिनिटाला बरोबर काढतो. मग तेच पंचांग उघडून तो आपल्याला सांगतो की वेध पाळा, दान करा, अमुक राशीला अनिष्ट आहे. गणित स्वतःजवळ ठेवले आणि भीती लोकांना वाटली! अकराव्या शतकात अल् बिरुनी हा परदेशी विद्वान या देशात आला होता. ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितज्ञाने खरे कारण माहीत असूनही राहूच्या कथेपुढे मान तुकवली, याचे त्याने आश्चर्य केले आणि दोषही दिला. ज्ञान असून ते लोकांना न सांगणे, याची फळे आपल्या कितीतरी पिढ्यांनी भोगली आहेत.

तथागतांनी काय केले? दीघनिकायातील पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. त्यात पोट भरण्याच्या खोट्या विद्यांची भली मोठी यादी आहे. चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, नक्षत्राला ग्रहण लागेल, उल्का पडेल आणि त्याचे फळ असे असे होईल, हे सांगून उपजीविका करणे त्या यादीत आहे. श्रमण गौतम असल्या विद्यांपासून दूर आहे, असे तेथे म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्याला मिथ्या आजीविका म्हटले, ते आज सकाळी सकाळी दूरदर्शन संचावर चालते.

यावरून कोणी म्हणेल की बुद्धाला आकाशाकडे पाहणेच मान्य नव्हते. तसे नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे, तो आपल्या प्रवचनांतून फारसा सांगितला जात नाही. अरण्यात काही भिक्खू राहत होते. तेथे चोर आले. त्यांनी पाणी मागितले, पाणी नव्हते. विस्तव मागितला, विस्तव नव्हता. आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, असे विचारले. भिक्खू म्हणाले, ठाऊक नाही. ही दिशा कोणती? तेही ठाऊक नाही. चोर म्हणाले, हे भिक्खू नव्हेत, हेच कोणी चोर असावेत, आणि त्यांनी त्यांना झोडपून काढले. हे तथागतांच्या कानी गेल्यावर त्यांनी अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी नियम घालून दिला: पिण्याचे पाणी ठेवा, विस्तव ठेवा, नक्षत्रांच्या जागा शिकून घ्या, दिशा ओळखायला शिका.

म्हणजे एका ठिकाणी नक्षत्राचे फळ सांगण्याला नकार आणि दुसऱ्या ठिकाणी नक्षत्र शिकण्याची आज्ञा. यात विरोध नाही. आकाश जाणा, आकाशाची भीती विकू नका, एवढाच त्याचा अर्थ. उपोसथाला पक्षाचे दिवस मोजावे लागतात, वर्षावासाला आषाढ पौर्णिमा ओळखावी लागते. चंद्राशिवाय आपले एकही धम्मकार्य ठरत नाही. आणि आपल्या या जिल्ह्यातले सोपारा, जेथील स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून जगापुढे आणला, ते तर गलबतांचे बंदर. रात्रीच्या समुद्रात तारे ओळखल्याशिवाय तेथून कोण निघाले असेल?

नक्षत्राच्या नादाने लग्न मोडल्याची एक जातककथाही आहे. शहरातल्या लोकांनी खेड्यातल्या मुलीशी सोयरीक जमवली, दिवस ठरवला, आणि मग आपल्या नेहमीच्या आजीवकाला विचारले, आजचे नक्षत्र बरे आहे ना? आधी विचारले नाही म्हणून तो मनात चिडला होता. म्हणाला, आज महाअशुभ. वऱ्हाड गेले नाही. खेड्यातल्या माणसांनी वाट पाहून पाहून मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी हे शहरी वऱ्हाड दारात हजर! भांडण जुंपले. तेव्हा एका शहाण्या माणसाने सांगितले की मुलगी मिळणे हेच खरे नक्षत्र होते, आकाशातले तारे यात काय करणार? आपल्याकडे दीक्षा घेतलेली घरेही सोयरिकीच्या वेळी हळूच पत्रिका काढतात, म्हणून ही कथा मुद्दाम सांगितली.

एका तरुणाने मला अडवून विचारले, "दादा, संयुत्तनिकायात चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त आहे. त्यात राहू चंद्राला पकडतो, चंद्र बुद्धाला शरण जातो आणि बुद्धाच्या शब्दाने राहू त्याला सोडतो. मग राहू खोटा कसा?" मुलगा वाचणारा होता, मला आनंद झाला. ही सुत्ते आहेत, सिंहलद्वीपात ती परित्त म्हणून म्हटली जातात, हे लपवण्याचे कारण नाही. पण बुद्धवचन कोणते हे ओळखण्याची कसोटी बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे. बुद्ध बुद्धिवादी होता. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे तेच त्याचे वचन म्हणून स्वीकारावे. या कसोटीला राहूची कथा उतरत नाही. त्या काळच्या लोकांच्या भाषेत रचलेले ते काव्य आहे. भयभीत जीव तथागतांना शरण येतो, एवढा भाव त्यातून घ्यावा. खगोलशास्त्र घेऊ नये. आपल्या ग्रंथात आहे म्हणून खरे, असे आपणही म्हणू लागलो तर पंचांगवाल्यांशी भांडण कशाला?

आता दुसरी बाजू. ग्रहण तरी जुने आहे. आकाशाच्या नावाने नवी भीतीही येते. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, अशी हाकाटी झाली. अष्टग्रही म्हणत तिला. देशभर यज्ञ झाले, मणोगणती तूप जाळले. ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस आले आणि गेले. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून गावोगावी घबराट झाली. आता मरायचेच तर खाऊन मरू म्हणून लोकांनी कोंबड्या कापल्या, असे जुनी माणसे अजून हसत सांगतात. तिचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात. कोंबड्या मात्र हकनाक गेल्या. आणि २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ: विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात लोखंडी कड्यासारखे प्रचंड धूड येऊन पडले. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. पण तोपर्यंत मोबाइलवर अफवा कितीतरी गावे फिरून आली होती. खरी बातमी पायी चालते आणि अफवा मोटारीने. म्हणून खरी बातमी आधी निघाली पाहिजे.

खरी बातमी आधी निघाली तर काय होते? १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. कर्नाटकात अंकोला, हुबळी, रायचूर या पट्ट्यातून खग्रास छाया गेली, मुंबईकडे खंडग्रास. त्या दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले. डोळे जातील, या खऱ्या धोक्यात जुनी भीती मिसळली आणि लोक दारे लावून बसले. पुढे २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, उत्तर भारतातून खग्रास छाया गेली. या वेळी शास्त्रज्ञ महिनोन् महिने आधी लोकांशी बोलले होते: कसे पाहावे, कशातून पाहू नये. लोक चष्मे घेऊन गच्चीवर चढले. पंधरा वर्षांत सूर्य बदलला नव्हता, चंद्र बदलला नव्हता. माणसांना आधी सांगितले गेले होते. २२ जुलै २००९ रोजी तर खग्रास छाया सकाळी सकाळी आपल्या शेजारी सुरतेवरून गेली. पावसाळा होता, ढगांनी घात केला. पण आपल्याच रेल्वेमार्गाने तेवढ्यासाठी जाणारी माणसे होती.

हे सांगण्याचे काम करणाऱ्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असावीत. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवीत आली. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झाले. हॅलेचा धूमकेतू १९८६ साली आला, त्याच सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. वांगणीच्या अंधारात रात्रभर आकाशदर्शन घडवणारे ते हेच. आणि डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण सही मागायला आलेल्या मुलांना म्हणे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मुले प्रश्न पाठवीत आणि ते खरोखर उत्तरे लिहीत. याला मी दान म्हणतो. 'दे दान' म्हणावे तर असे दान मागावे!

याच नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका देऊन विचारले, यातली हुशार मुले कोणती ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी शंभरात सेहेचाळीस बरोबर! छापा-काटा केला असता तर पन्नास आली असती. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. लोकांना विचार करायला सांगणे या देशात किती महाग पडते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तर आता आपण माकुणसारची माणसे काय करणार? चंद्राशी आपला व्यवहार रोजचा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असतो, हे येथे शेंबड्या पोरालाही कळते. होडी काढायची ती भरती पाहून, दाते पंचांगातली रास पाहून नव्हे. चंद्र समुद्र ओढतो हे आपण डोळ्यांनी पाहतो. तो पोटातल्या बाळाचा ओठ फाडतो हे कुणी कधी पाहिले? समुद्राच्या बाबतीत जी अक्कल चालवतो, ती घरात चालवली की झाले.

ग्रहण यायच्या आधीच्या पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, विहारात ग्रहणाची बातमी सांगावी: तारीख, वेळ, काय दिसणार, काय नाही. आपल्या वस्तीपुरती ठेवू नये, पाड्यावर, वाडीत, शाळेत सांगावी. ज्या घरी गर्भवती सून-लेक असेल त्या घरी बायांनी स्वतः जावे, पुरुषांनी भाषण करायला जाऊ नये. सासूची भीती सासूच समजू शकते. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. सूर्यग्रहण मात्र उघड्या डोळ्यांनी कधी पाहू नये. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, शेणाच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काही चालत नाही. खात्रीचा ग्रहण-चष्मा घ्यावा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सावलीत कागदावर सूर्याची प्रतिमा पाडावी. पिठाची चाळणी उन्हात धरली तरी जमिनीवर शेकडो चतकोर सूर्य दिसतात. पोरांना याचे वेड लागते.

ग्रहणाचीच वाट पाहायला पाहिजे असेही नाही. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीच्या बाजूने उल्का पडताना दिसतात. उल्का दिसली म्हणजे कुणी मेले, असे म्हणणाऱ्या आजीला सोबत न्यावे आणि मोजायला सांगावे. तासाभरात इतक्या दिसतील की ती स्वतःच म्हणेल, एवढी माणसं कुठली मरायला! उत्तरेकडे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचा उजेड आभाळात चढतो, म्हणून केळव्याच्या किनाऱ्यावर पाठ त्या बाजूला करून बसावे. तेथे मृग, कृत्तिका अजून चांगल्या दिसतात.

मावशीच्या सुनेला डिसेंबरात मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण मी मावशीला लगेच सांगितले, मूल चांगले झाले म्हणून ग्रहणाची भीती खोटी ठरली असे म्हणू नका. काही उणे-अधिक झाले असते तरी ती खोटीच होती. एका बाळंतपणावर सत्य उभे राहत नाही. मावशी म्हणाली, "ते ठीक, पण पुढलं कधी आहे ते सांगा. या खेपेला ढगांनी नीट बघू दिलं नाही."

मी तिच्या वहीत तारखा लिहून दिल्या, तुम्हीही लिहून घ्या. २ ऑगस्ट २०२७, सोमवार: आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण. दिवस पावसाळ्याचे आहेत, दिसेल की नाही सांगता येत नाही, पण चाळणी आणि चष्मा तयार ठेवा. ३१ डिसेंबर २०२८: खग्रास चंद्रग्रहण, रात्री दहाच्या सुमारास ऐन भरात. हिवाळा असेल, आभाळ मोकळे असण्याचा संभव पुष्कळ आहे. मावशीची नात तेव्हा तीन वर्षांची असेल. किनाऱ्यावर गार वारे असते. चटया, घोंगड्या आणि थर्मासभर चहा सोबत आणा.